पैलवानाच्या कानातला बोळा: इम्युनोथेरपी म्हणजे नेमकं काय?

गेल्या महिन्यात माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील घरी आले. करवीर तालुक्यातलं गाव, दोन म्हशी, थोडा ऊस. हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत धाकट्या भावाच्या तोंडाच्या कॅन्सरची फाईल. भाऊ बेचाळीस वर्षांचा, त्यातली वीस वर्षं मावा गालात. ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) झाले, आणि आता आजार पुन्हा उलटलाय. डॉक्टरांनी या वेळी कागदावर 'इम्युनोथेरपी' असं लिहून दिलं होतं आणि खर्चाचा आकडाही सांगितला होता.

"मॅडम, इम्युनिटी म्हंजे आपली प्रतिकारशक्तीच न्हवं? मग ती वाढवायला एवढं पैसं कशाला? कोरोनात आमी गुळवेलीचा काढा पितच हुतो की. आनी रशियात लस आलीया म्हणत्यात, ती न्हाई का मिळायची?"

दहा गुंठे काढायचा विचार घरात सुरू झाला होता. मी महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही, आणि हे त्यांना आधीच सांगितलं. पण ज्या शब्दासाठी माणूस जमीन विकायला निघतो, त्या शब्दाचा अर्थ त्याला नीट कळायला हवा, असं मला मनापासून वाटतं. त्या संध्याकाळी दोन तास बोलणं झालं. तेच इथं थोडं विस्तारानं लिहिते.

आधी तालीम समजून घेऊ

शरीराच्या संरक्षणाला एकच 'शक्ती' नसते. त्यात अनेक प्रकारच्या पेशी असतात आणि आपल्या गोष्टीत महत्त्वाची आहे ती टी-पेशी. हा पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. छातीच्या हाडामागं थायमस नावाची एक लहानशी ग्रंथी असते, तिच्यात या पेशी परिपक्व होतात. 'टी' हे अक्षर त्या थायमसचं.

थायमस म्हणजे तालीम. कोल्हापूरकराला यापुढं फार सांगायला नको. वस्ताद काय बघतो? पोरात रग आहे का, आणि ती रग आवरता येते का. जो पोरगा आपल्याच तालमीतल्या भावांवर धावून जातो, त्याला वस्ताद ठेवून घेत नाही. थायमसमध्ये हेच होतं, फक्त फार कठोरपणे. ज्या पेशी आपल्याच शरीराला शत्रू समजतात त्या तिथंच संपवल्या जातात, आणि ज्यांना काहीच ओळखता येत नाही त्याही. शंभरातल्या मोजक्याच परीक्षा देऊन बाहेर पडतात. बाहेर पडलेली प्रत्येक टी-पेशी एकाच प्रकारचा शत्रू ओळखते. एखाद्या मल्लाला एकच डाव यावा, पण तो अचूक यावा, तसं.

म्हणून 'प्रतिकारशक्ती वाढवा' या सल्ल्याला कॅन्सरच्या बाबतीत फारसा अर्थ उरत नाही. प्रश्न पैलवान कमी असण्याचा नसतो. समोरचा शत्रू आहे हे त्यांना कळतं का, आणि कळलं तर त्यांना लढू दिलं जातं का, हा प्रश्न असतो.

घरचाच माणूस फिरला तर

जंतू बाहेरून येतो, त्याचा चेहरा वेगळा असतो. कॅन्सरची पेशी आपल्याच पेशीची बिघडलेली प्रत असते. तिच्या जनुकांत, म्हणजे पेशीला काम सांगणाऱ्या लिखाणात, चुका झालेल्या असतात. चुकीचं लिखाण असलं की चुकीची प्रथिनं बनतात आणि त्यांचे तुकडे पेशीच्या अंगावर दिसू लागतात. टी-पेशी ओळखते ते हे तुकडे. चुका जितक्या जास्त, तितकी ती पेशी परकी वाटण्याची शक्यता जास्त.

आता मेलानोमा. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा हा कॅन्सर. गोऱ्या कातडीच्या लोकांत तो बऱ्याचदा उन्हातल्या अतिनील किरणांमुळं होतो, आणि ही किरणं जनुकांत चुकांची खैरात करतात. त्यामुळं मेलानोमा हा टी-पेशींना तुलनेनं लवकर ओळखू येणारा कॅन्सर ठरला. इम्युनोथेरपीची जवळजवळ प्रत्येक मोठी कुस्ती आधी याच मैदानात झाली, त्याचं हे एक मोठं कारण. आणि त्या मैदानात पन्नास वर्षं उभ्या राहिलेल्या एका माणसाची हकीकत सांगितली की बाकीचं आपोआप समजतं.

पित्ताशय काढताना दिसलेलं पोट

स्टीव्हन रोझेनबर्ग. जन्म १९४०, न्यूयॉर्क. आईवडील पोलंडहून आलेले ज्यू. नात्यातली माणसं हिटलरच्या छळछावण्यांत गेली, त्याच्या बातम्या लहानपणी घरी आलेल्या त्यानं ऐकल्या. माणसांचं दुःख कमी होईल असं काही करायचं, हे तेव्हाच मनात बसलं असं ते सांगतात.

१९६८ साली ते बोस्टनमध्ये शिकाऊ सर्जन होते. पोटात दुखतंय म्हणून ६३ वर्षांचे एक माजी सैनिक आले. पित्ताशय काढायचं होतं, साधं ऑपरेशन. जुनी फाईल उघडली तर बारा वर्षांपूर्वी याच माणसाला जठराचा कॅन्सर झाल्याची नोंद. यकृतापर्यंत पसरलेला. गाठ पूर्ण काढता आली नाही म्हणून त्याला घरी पाठवून दिलं होतं, जायची वाट बघायला. तो गेलाच नाही. रोझेनबर्गनी पोट उघडलं तेव्हा हातानं चाचपून पाहिलं. यकृत स्वच्छ. कॅन्सरचा मागमूस नाही, आणि मधल्या काळात कसलाही उपचार झालेला नाही.

असं अगदी क्वचित घडतं. शरीरानं आपणहून कॅन्सर निपटून काढला असेल, तर ते त्याला मुळात जमतं, हा विचार त्या तरुणाला सोडेना. त्यानं लगेच एक प्रयोगही केला. त्या सैनिकाचं रक्त जठराच्या कॅन्सरच्या दुसऱ्या एका रुग्णाला दिलं. काही उपयोग झाला नाही. आज तो प्रयोग भाबडा वाटतो, पण मला तो फार महत्त्वाचा वाटतो. चमत्कार पाहिल्यावर बहुतेक माणसं हात जोडतात. या माणसानं त्यामागचं कारण शोधायला घेतलं आणि पहिलाच हात वाया गेला तरी सोडलं नाही.

शरीराला कॅन्सरविरुद्ध उठवण्याची कल्पना तशी नवी नव्हती. न्यूयॉर्कचे सर्जन विल्यम कोली १८९१ पासून रुग्णांना मुद्दाम जंतू टोचत होते, ताप आला की काहींची गाठ विरते असं पाहून. पण ते का होतं हे कुणाला सांगता येत नव्हतं, आणि शेक आणि केमो आल्यावर ती वाट मागं पडली.

खुराक

१ जुलै १९७४ ला रोझेनबर्ग अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सर्जरी विभागाचे प्रमुख झाले. प्रशिक्षण संपलं होतं आदल्या दिवशी. वय ३३.

दोन वर्षांनी, १९७६ मध्ये, इंटरल्युकिन-२ नावाचं एक प्रथिन सापडलं. टी-पेशी शरीराबाहेर काचेच्या भांड्यात टिकत नव्हत्या. हे प्रथिन घातलं की त्या टिकायच्या आणि भराभर वाढायच्या. पैलवानाचा खुराकच म्हणा, दूध-बदाम-थंडाई. रोझेनबर्गचा हिशेब सरळ होता. खुराक भरपूर दिला तर पैलवान वाढतील, आणि वाढले तर कॅन्सरला चीत करतील.

साठहून जास्त रुग्णांवर त्यांनी या मार्गानं उपचार करून पाहिले. एकालाही गुण आला नाही. सगळे पसरलेल्या, शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सरचे. हा आकडा मी वर्गात सांगते तेव्हा थोडं थांबते. साठ घरं, साठ कुटुंबं, आणि प्रत्येक वेळी 'या वेळी होईल' म्हणून त्या माणसाच्या उशाशी बसणारा डॉक्टर.

१९८४ च्या अखेरीस नौदलातली ३३ वर्षांची एक अधिकारी आली. मेलानोमा अंगभर पसरलेला. तिला इंटरल्युकिन-२ चा आधी कुणाला दिला नव्हता इतका मोठा डोस दिला. ती मरता मरता वाचली. आणि मग तिच्या गाठी विरघळायला लागल्या. काही महिन्यांत काहीच उरलं नाही. पुढं कित्येक दशकं ती जगली. डिसेंबर १९८५ मध्ये रोझेनबर्गनी पहिल्या काही रुग्णांचे निकाल प्रसिद्ध केले आणि जगभर खळबळ उडाली. (त्याच वर्षी जुलैत राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या आतड्याच्या ऑपरेशनच्या पथकात ते होते. 'राष्ट्राध्यक्षांना कॅन्सर आहे' हे पत्रकारांना त्यांनीच सांगितलं.)

पण खुराकाची गोष्ट इथंच अडते. एवढ्या मोठ्या डोसानं रक्तवाहिन्या झिरपायला लागतात, रक्तदाब कोसळतो, फुप्फुसात पाणी होतं. रुग्णाला अतिदक्षता विभागात ठेवावं लागे. आणि मेलानोमाच्या शंभर रुग्णांतल्या साधारण सोळा जणांच्या गाठी लहान होत, त्यातही पूर्ण नाहीशा होत त्या सहा-एक जणांच्या. अमेरिकेत १९९२ मध्ये मूत्रपिंडाच्या आणि १९९८ मध्ये मेलानोमाच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी या औषधाला परवानगी मिळाली. शंभरात सहा म्हणजे थोडेच. पण ते सहा जण वर्षानुवर्षं निरोगी राहिले. पसरलेल्या कॅन्सरमध्ये असं त्याआधी जवळपास ऐकिवात नव्हतं. टी-पेशी कॅन्सर संपवू शकतात, याचा माणसात मिळालेला तो पुरावा होता.

भांगलण करून पेरणी

सगळ्या तालमीला खुराक घालण्यापेक्षा नेमके कामाचे पैलवान निवडले तर? गाठ कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की तिच्यात काही टी-पेशी आधीच शिरलेल्या दिसतात. त्यांनी शत्रू ओळखलेला असतो, पण त्या थोड्या असतात आणि थकलेल्या. रोझेनबर्गच्या गटानं या पेशी गाठीतून बाहेर काढल्या, प्रयोगशाळेत खुराक घालून अब्जावधींनी वाढवल्या आणि त्याच रुग्णाच्या शिरेतून परत सोडल्या. मेलानोमाच्या रुग्णांवरचे पहिले निकाल १९८८ चे.

सोडलेल्या पेशी मात्र फार दिवस टिकत नव्हत्या. २००२ मध्ये त्यांनी यावर जो उपाय मांडला तो शेतकऱ्याला लगेच पटेल. पेरणीआधी भांगलण. रुग्णाच्या शरीरातल्या जुन्या पांढऱ्या पेशी आधी केमोनं काढून टाकायच्या, म्हणजे नव्या पेशींना जागा मिळते आणि खुराकात वाटेकरी उरत नाहीत. या एका बदलानं गुण येणाऱ्यांचं प्रमाण बरंच वाढलं.

त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये, पहिल्या निकालांना ३६ वर्षं झाल्यावर, याच पद्धतीच्या 'लिफिल्युसेल' या उपचाराला अमेरिकेत मान्यता मिळाली. गाठीच्या स्वरूपातल्या कॅन्सरसाठी मान्य झालेली ही पहिली टी-पेशी-चिकित्सा. बाकीची औषधं हरलेल्या मेलानोमाच्या रुग्णांत साधारण तिघांतल्या एकाच्या गाठी आकसल्या. किंमत पाच लाख डॉलरच्या वर. रोझेनबर्ग तेव्हा ८३ वर्षांचे होते.

शिट्टी कुणाच्या हातात?

आता त्या कागदावर लिहून दिलेल्या औषधाकडं येऊ. ते यांतलं नव्हतं. ते तिसऱ्याच विचारातून आलं.

आखाड्यात पंच असतो. त्यानं शिट्टी वाजवली की पैलवानानं पकड सोडायची. शरीरातही अशी शिट्टी लागते, नाहीतर जंतू मेल्यावरही टी-पेशी झोडपतच राहतील. टी-पेशीला ही शिट्टी ऐकायला 'कान' असतात. त्यातल्या एकाचं नाव सीटीएलए-४ आणि दुसऱ्याचं पीडी-१. (यापुढं मी कानच म्हणेन.) कॅन्सरची पेशी चलाख निघाली. ती पंचाची शिट्टी स्वतःच फुंकते. पैलवान अंगावर आला की 'फुर्रर', आणि तो पकड सोडून बाजूला होतो. रोझेनबर्गच्या खुराकानं पुष्कळांना गुण का आला नाही, त्याचं एक उत्तर इथं आहे. पैलवान तगडे होते, पण शिट्टी पाळत होते.

अमेरिकेतले जेम्स ॲलिसन यांनी विचार फिरवला. जोर वाढवायच्या मागं न लागता शिट्टी ऐकूच येऊ दिली नाही तर? १९९६ मध्ये त्यांनी उंदरांवर दाखवून दिलं की सीटीएलए-४ हा कान बंद केला की टी-पेशी गाठ खाऊन टाकतात. जपानचे तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेनं १९९२ मध्येच पीडी-१ शोधलं होतं. दोघांना २०१८ चं नोबेल मिळालं. औषधं म्हणाल तर कानात घालायचे कापसाचे बोळे. पहिला बोळा, इपिलिमुमॅब, २०११ मध्ये आला, आणि तो मेलानोमासाठी. पेम्ब्रोलिझुमॅब आणि निव्होलुमॅब २०१४ मध्ये, तेही आधी मेलानोमासाठीच.

फरक किती पडला? त्याआधी पसरलेल्या मेलानोमाचे निम्म्याहून जास्त रुग्ण वर्षभरात जात. दोन्ही कान बंद करणारी औषधं एकत्र दिलेल्या रुग्णांचा दहा वर्षं पाठपुरावा झाला, तेव्हा शंभरातले ४३ जण हयात होते. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांना २०१५ मध्ये, नव्वदीत, मेंदूपर्यंत गेलेला मेलानोमा झाला. ऑपरेशन, शेक आणि पेम्ब्रोलिझुमॅब घेऊन ते शंभर वर्षं पुरी करून गेले. पण त्याच हिशेबात शंभरातले ५७ जण दहा वर्षांत गेले होते, हेही त्याच दमात सांगायला हवं.

"पण मॅडम, ह्यो मेलानोमा आपल्याकडं कुठं असतोय?"

असतो. कमी असतो, आणि वेगळ्या जागी असतो. गोऱ्या लोकांत तो पाठीवर, पायांवर, चेहऱ्यावर दिसतो. आपल्याकडं बहुधा पायाच्या तळव्यावर, तळहातावर, नखाखाली, नाहीतर तोंडाच्या किंवा गुदद्वाराच्या आतल्या अस्तरावर. तळव्यावरच्या मेलानोमाचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. त्यात जनुकांच्या चुकाही कमी असतात, म्हणून कानातले बोळे त्याला उन्हाच्या मेलानोमाइतके लागू पडत नाहीत. म्हणजे तो लवकर सापडणं आपल्याला जास्त गरजेचं.

माझ्या मामाच्या टाचेला काळा डाग होता. चिखलात, पाण्याच्या पाटात अनवाणी वावरणारा माणूस. सगळ्यांनी ठरवलं, काटा मोडून कुरूप झालंय. कुणी ते कापलं, कुणी बिब्बा लावला, एका दवाखान्यात मलमपट्टी झाली. दहा महिने गेले. जांघेत गाठ आली तेव्हा कुणीतरी तुकडा तपासायला पाठवला. मामा दीड वर्षात गेला. कुरूप सहसा काळं होत नाही, पसरत नाही, रंग बदलत नाही. तळव्यावरचा डाग वाढत असेल, कडा वेड्यावाकड्या असतील, चिघळून भरत नसेल, किंवा मार लागलेला नसताना नखात काळी रेघ उमटून रुंद होत असेल, तर त्याला कुरूप किंवा नखुरडं म्हणून सोडून देऊ नका. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. आमच्या घरात हे कुणालाच माहीत नव्हतं.

आणि मेलानोमा आपल्याकडं दुर्मीळ असला तरी त्याच्या आखाड्यात तयार झालेली औषधं आता फुप्फुस, मूत्रपिंड आणि तोंड-घशाच्या कॅन्सरसाठी वापरतात. मावा, मशेरी आणि गुटख्याच्या या मुलखात ती रोझेनबर्गची गोष्ट अशी आपल्या दारात येते.

"म्हंजे आपल्याच पेशी. मग साइड इफेक्ट न्हाईत?"

हा गैरसमज सगळ्यात धोक्याचा. कानात बोळा घातलेल्या पैलवानाला कॅन्सरची खोटी शिट्टी ऐकू येत नाही, तशी खऱ्या पंचाचीही येत नाही. तो मग निरोगी अवयवांवरही चालून जाऊ शकतो. आतड्यावर गेला तर जुलाब, फुप्फुसावर गेला तर कोरडा खोकला आणि धाप, यकृतावर गेला तर कावीळ. थायरॉइड बिघडते, अंगावर पुरळ उठतं. केस सहसा जात नाहीत, केमोसारखी मळमळ नसते, म्हणून घरचे निर्धास्त होतात. आणि त्रास कधीकधी औषध सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी, क्वचित औषध बंद झाल्यावरही सुरू होतो.

एवढं ध्यानात ठेवा. हे औषध चालू असताना जुलाब लागले तर ताक-भात आणि घरगुती गोळीवर दिवस काढू नका. त्याच दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा. बहुतेक वेळा स्टिरॉइड देऊन पैलवानाला आवरता येतं, पण वेळेत कळलं तर. दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात गेलात तर 'इम्युनोथेरपी चालू आहे' हे पहिल्या वाक्यात सांगा. आणि काढा, चूर्ण, भस्म काही घेत असाल तर तेही लपवू नका. यकृताला सूज आली तर ती कशानं आली हे ओळखणं अवघड होऊन बसतं.

रशियाची लस आणि मुंबईच्या पेशी

डिसेंबर २०२४ मध्ये रशियानं कॅन्सरच्या लशीची घोषणा केली आणि आपल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर ती फिरली. लस म्हटलं की आपल्याला पोलिओ आठवतो, निरोगी बाळाला दोन थेंब. ही तशी नाही. कॅन्सर झालेल्या माणसाच्या गाठीतल्या चुका वाचून त्याच्यापुरतीच ती बनवायची असते. म्हणजे शत्रूचा फोटो छापून तालमीत लावायचा. अशाच एका लशीचा अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात मेलानोमाच्या १५७ रुग्णांवर अभ्यास झाला. ऑपरेशननंतर नुसतं पेम्ब्रोलिझुमॅब घेणाऱ्यांपेक्षा सोबत लस घेणाऱ्यांत आजार उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी कमी झाला. आशा वाटावी असा आकडा आहे. पण ४४ टक्के धोका कमी होणं म्हणजे ४४ टक्के लोक बरे होणं नव्हे, आणि त्या भावाच्या तोंडाच्या कॅन्सरशी त्याचा आज संबंध नाही.

मुंबईची गोष्ट अभिमानाची. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवलेल्या 'नेक्सकार-१९' या पेशी-चिकित्सेला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. रुग्णाच्या टी-पेशी काढून त्यांना नवा डोळा बसवायचा आणि परत सोडायच्या. पण तो डोळा ओळखतो काही विशिष्ट रक्ताचे कॅन्सर. तोंडाच्या गाठीला तो आंधळाच.

दहा गुंठ्यांचा प्रश्न

शेवटी आम्ही जमिनीवर आलो. मी त्यांना 'विका' किंवा 'विकू नका' असं काही सांगितलं नाही. तो माझा अधिकार नाही. पण एक अभ्यास सांगितला, आणि तो प्रत्येक घराला माहीत असावा असं मला वाटतं.

तो अभ्यास झाला तेव्हा या औषधांची किंमत अशी होती, की आपल्यासारख्या देशांत तोंड-घशाच्या कॅन्सरच्या शंभरातल्या एक ते तीन रुग्णांनाच ती परवडत. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी म्हणून वेगळा प्रश्न विचारला. निव्होलुमॅबचा नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. त्यांनी दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिलं. सहा आठवड्यांचा हिशेब मांडा, नेहमीचे ७२०, यांचे ४०. अठरावा हिस्सा. यामागचा तर्क साधा आहे. कानात मावेल तेवढाच बोळा लागतो. कान बंद झाल्यावर वर पोतंभर कापूस ओतून काय उपयोग? थोड्या औषधानंही टी-पेशींचे बहुतेक कान भरतात, हे आधीच्या प्रयोगांत दिसलं होतं.

१५१ रुग्णांचा हा अभ्यास. आजार उलटलेला किंवा पसरलेला, बरा होण्याची आशा नसलेले. निम्म्यांना कमी डोसच्या तोंडावाटे घ्यायच्या गोळ्या, निम्म्यांना त्याच गोळ्या आणि सोबत हे थोडंसं निव्होलुमॅब. नुसत्या गोळ्यांवर वर्षानंतर शंभरातले १६ जण हयात होते, निव्होलुमॅब जोडल्यावर ४३. डोस छोटा होता म्हणून उपयोगही नाममात्र झाला असं झालं नाही. छोट्या डोसाची पूर्ण डोसाशी मात्र या अभ्यासात तुलना नव्हती, त्यामुळं 'दोन्ही सारखेच' असं कुणी म्हटलं तर ते आज खरं धरू नका. आणि मधल्या रुग्णाचं आयुष्य (निम्मे त्याहून कमी जगतात, निम्मे जास्त) ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेलं. जवळपास साडेतीन महिने. कुणासाठी तो मुलीच्या लग्नाइतका वेळ असतो, आणि त्याची किंमत त्या घरानंच ठरवायची.

ते ऐकून विद्यार्थिनीचे वडील बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी खिशातून कारखान्याच्या उसाच्या बिलाची पावती काढली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून द्यायला सांगितलं. मी लिहिलं: हा उपचार बरं करण्यासाठी आहे की आयुष्य वाढवण्यासाठी? गाठीची 'पीडी-एल-१' तपासणी झाली आहे का? (कॅन्सरच्या हातात शिट्टी आहे का, हे ती तपासणी दाखवते. शिट्टी भरपूर दिसली तर बोळ्याचा उपयोग होण्याची शक्यता वाढते.) गुण येतोय की नाही हे कोणत्या स्कॅनवर, किती आठवड्यांनी कळेल, आणि आला नाही तर आपण थांबणार का? कमी डोस आमच्या पेशंटला चालेल का? सरकारी योजनेत काय बसतं, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारायचं, तेही खाली लिहिलं.

चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. तपासणी झालेली नव्हती. डॉक्टरांनी ऑपरेशनच्या वेळचा जपून ठेवलेला तुकडा आता पाठवलाय, आणि कमी डोसचं बोलायला या म्हणालेत.

"रिपोर्ट बुधवारी येतोय," ते म्हणाले. "जमिनीचं तोवर कुणापाशी बोललो न्हाई."